पिकल्या आंब्याची वाफ

सगुणाबाईंना उभ्या आयुष्यात कुणाचा राग आला असेल तर तो एका डॉक्टरचा. पाच वर्षांपूर्वी खोकला काही केल्या हटेना, म्हणून त्या पिंपळगावहून नाशिकला, द्वारकेजवळच्या एका दवाखान्यात गेल्या. डॉक्टरनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सहज विचारलं, "मावशी, बिडी कधीपासून ओढता?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी? अहो, मी कधी दाताला मिश्री लावली नाय!"

"मग घरात कोण ओढतं?"

बाईंनी मान वळवली. शेजारच्या स्टुलावर त्यांचे यजमान गोरक्ष खाली मान घालून बसले होते.

गोरक्ष कांदा मार्केटात हमाल होते. दिवसाला दोन बंडलं लागायची. पण माणूस वाईट नव्हता. बायकोला त्रास नको म्हणून तीस वर्षं ते उंबऱ्यात बसून, बाहेर तोंड करूनच बिडी ओढत आले. "धूर बाहेर सोडतो मी, तुला काय त्याचं?" असं म्हणायचे, आणि ते त्यांना खरंच वाटायचं. दीड खोलीच्या त्या घरात वारा मात्र उंबऱ्यावरूनच आत यायचा. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं त्या दिवशी गोरक्षांनी बिडी सोडली. दोन वर्षांनी त्यांच्या छातीनं त्यांना सोडलं. सगुणाबाईंच्या पिशवीत तेव्हापासून दम्याचा पंप असतो.

नवरा गेल्यावर त्या महामार्गाजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागल्या. टेबलाशी उभं राहून घडातले किडके, फुटके मणी कात्रीनं काढायचे आणि घड डब्यात भरायचे. हात हलका होता. मालक शेखरशेठही कौतुकानं म्हणायचे, की सगुणाबाईंच्या हाताखालून गेलेल्या घडाच्या मण्यांवरची पांढुरकी लव मोडत नाही. थंडावा टिकावा म्हणून हॉलची दारंखिडक्या बंद असत.

गेल्या हंगामात तिथं रविराज नावाचा सुपरवायझर आला. पंचविशीचा, बोलायला गोड, सगळ्या बायकांना मावशी-ताई म्हणणारा. त्याच्याकडे पेनासारखी एक नळी होती. फिरता फिरता ती तोंडाला लावायचा आणि पांढरी वाफ सोडायचा. फेब्रुवारीचा महिना, बाहेर आंब्याला नुसता मोहोर, आणि हॉलमध्ये पिकल्या आंब्याचा घमघमाट! बायका खूश. "ए दादा, इकडं पण सोड की जरा," असं म्हणून हसायच्या.

ह्याच बायकांनी महिनाभरापूर्वी बिडी पेटवून आत आलेल्या एका टेम्पोवाल्याला आरडाओरडा करून हाकलला होता.

आठ दिवसांत सगुणाबाईंचा पंप दुपारीच निघू लागला. शेजारी उभ्या राहणाऱ्या पूजाला पाचवा महिना होता. त्या वासानं तिला मळमळायचं, पण ती बोलायची नाही. अखेर बाईच बोलल्या.

"रविराजदादा, ते बाहेर जाऊन ओढत जा ना."

"मावशी, हा धूर नाही हो. पाण्याची वाफ आहे. भाताच्या कुकरमधून निघते तशी."

बायका हसल्या. एक म्हणाली, "सगुणाबाईला तर फोडणीचा बी ठसका लागू राहिला!"

बाई ओशाळल्या. आपलंच काही चुकत असेल, असंही त्यांना वाटलं. औषधं संपली होती, तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारलं. डॉक्टरनी हातचं राखून काही सांगितलं नाही.

"बिडीच्या धुराइतकं वाईट नसावं. पण ते नुसतं पाणी नाही. त्यात निकोटीन असतं, बारीक कण असतात, वासाची रसायनं असतात. बंद जागेत ते शेजारच्याच्या छातीत जातंच. वर्षानुवर्षं गेलं तर काय होतं, हे अजून पुरतं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही आणि ती पोटुशी पोरगी, दोघींनी लांबच राहावं. आणि मावशी, आपल्याकडे या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे."

दुसऱ्या दिवशी त्या शेठच्या ऑफिसात गेल्या. यायला कुणी तयार नव्हतं, पूजासुद्धा. हंगामाचं काम गेलं तर काय, ही भीती सगळ्यांनाच होती. बाईंनी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. पूजाचं सांगितलं.

शेखरशेठनी ऐकून घेतलं. "सगुणाबाई, जग फिरलंय आता. माझा पुतण्या पण पुण्यात हेच ओढतो. घरातल्या घरात ओढतो, कुणाला काही होत नाही. तुमचं टेबल दाराजवळ घेऊ का?"

"आन् पूजाचं?"

"बघू."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. तोंडून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. "शेठ, तुम्हाला आंब्याचा वास येतो ना आत? मग तो द्राक्षांना लागत नसंल का?"

शेखरशेठ खुर्चीतून उठलेच. निर्यातीच्या मालाच्या तपासणीला माणसं चार दिवसांनी यायची होती. पाच मिनिटांत रविराजला बोलावणं गेलं, आणि पंधरा मिनिटांत हॉलच्या दारावर सूचना लागली.

बायकांनी सगुणाबाईंची पाठ थोपटली. बाईंना हसू काही आलं नाही. त्यांनी कात्री हातात घेतली आणि समोरचा घड ओढला. जे दोन जिवांसाठी झालं नाही ते द्राक्षांसाठी झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत रविराज त्यांच्याजवळ येऊन बसला. चेहरा उतरला होता.

"मावशी, खरंच त्रास व्हायचा तुम्हाला?"

"मग काय खोटं बोलले का मी?"

"तसं नाही. आईसाठी मी सिगारेट सोडली आणि हे धरलं. घरात तिच्यासमोरच ओढतो. म्हटलं, आता कुणाला त्रास नाही." त्यानं डब्याचं झाकण काढलं. "तिला पण वास आवडतो."

सगुणाबाईंना त्याच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. त्यांनी त्याला उंबऱ्यात बसणाऱ्या गोरक्षांची सगळी गोष्ट सांगितली. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला. नळी सोडीन असं काही तो म्हणाला नाही. पण त्या दिवसापासून तो थेट फाटकापलीकडे, टेम्पो लागतात तिथं जाऊन ओढू लागला. घरी काय करतो ते बाईंनी विचारलं नाही.

जूनमध्ये पूजाला मुलगी झाली. सगुणाबाई अंगडं-टोपडं घेऊन बघायला गेल्या. पोर चांगली बाळसेदार होती. तिला बाईंच्या मांडीवर देत पूजा हळूच म्हणाली, "सगुणामावशी, तेवढ्या वासानं हिला खरंच काही झालं असतं का हो? घरचे म्हणतात, तू उगा घाबरली."

"मला काय माहीत, बाई," सगुणाबाई म्हणाल्या, आणि पोरीचं टोपडं नीट करू लागल्या. "डॉक्टरलाबी माहीत नाय. मला नव्हतं माहीत तेव्हा मी तीस वर्षं त्या घरात सैपाक केला."