डोळ्याने चाखलेला मसाला

आमच्या शेलार गावच्या रस्त्यावर एका दुकानात एक कॉम्प्युटरवाला बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तो डावा डोळा चोळतो आणि म्हणतो, "टेन्शन नही, आजी."

मी घरी करून विकते त्या मसाल्याच्या पाकिटावर मला मिरचीचं चित्र हवं होतं. माझ्या गिऱ्हाईक बायका अक्षरापेक्षा चित्र लवकर ओळखतात, आणि चित्र नसेल तर दुकानदार माल ठेवणार नव्हता. चित्रकार मला परवडत नव्हता. ह्याच्याकडे हजार चित्रांची फुकटातली सीडी होती.

सीडीत मिरची निघाली ती हिरवी, फुगलेली.

"ही ढबू हाय. हिची भाजी करतात, मसाला न्हाय."

"लाल रंग देतो ना, आजी!"

"रंगवल्यानं ढबू तिखट होते काय रे?"

मग माझ्या पिशवीतली सुकी मिरची उचलून त्याने स्कॅनरच्या काचेवर ठेवली. दाबून सरळ करताना ती मोडली, तेव्हा बिया बोटाने गोळा केल्या, तुकडे जुळवले आणि झाकण लावलं. पडद्यावर माझीच मिरची उमटली, देठासकट.

"बघा, टेन्शन नही," म्हणत तो रंग सुधारायला बसला, आणि सवयीने आधी डोळा चोळला.

मग बराच वेळ तो नळाखाली ओरडत होता. तरी एका डोळ्याने काम पुरं करूनच त्याने मला सोडलं.

आता त्याच्या दुकानात येईल त्याला तो सांगतो, "आजीचा मसाला एकदम असली. मी डोळ्याने चाखलाय."