तिची ओटी भरली तेव्हा

त्या प्रकरणात ना खून होता ना दरोडा, तरी सगळ्या नोकरीत तेच मला जास्त आठवतं. मी तेव्हा कुंभकोणमला विशेष शाखेत निरीक्षक होतो. तिथल्या मेलकावेरी भागातली एक मुलगी केंद्र सरकारच्या संरक्षण खात्यातल्या गोपनीय कामासाठी निवडली गेली, आणि तिची चारित्र्य पडताळणी माझ्याकडे आली. घर आमच्यातलंच, तंजावरी मराठी. तिचे वडील माझ्या वर्गातले. बायको गेल्यावर मराठी कानावर पडावी म्हणून मी ज्या दोन-चार घरांत जाऊन बसायचो, त्यातलं ते एक. मी वरिष्ठांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "या गावात सगळेच ओळखीचे. तुम्हीच करा."

ठाण्याचं रेकॉर्ड स्वच्छ होतं. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सोन्यासारखी मुलगी, लग्न व्हायचंय. जो तो हेच वाक्य, याच चालीत! सगळे एका सुरात बोलू लागले की पोलिसाने सावध व्हावं. त्यात ठाण्यात निनावी फोन आला. "तिचं लग्न झालंय का, ते नीट विचारा," एवढंच म्हणून माणसाने फोन ठेवला.

नवरात्र होतं. मुलीच्या शेजारच्या काकूंकडे कोलू मांडलेला, पायऱ्यांवर बाहुल्याच बाहुल्या. मी जबाबाला गेलो. "लग्न? अय्यो, अजून स्थळंसुद्धा बघितली नाहीत हो!" काकू म्हणाल्या. तेवढ्यात तीच मुलगी साडी नेसून बाहुल्या बघायला आली. काकूंनी बोलता बोलता तिला हळदकुंकू लावलं आणि खण-नारळ घेऊन तिची ओटी भरली. आमच्यात ओटी सवाष्णीची भरतात. काकूंच्या ध्यानात आलं तेव्हा नारळ तिच्या पदरात पडला होता. तोंडाला खोटं पढवता येतं, पण जन्मभराची सवय लागलेल्या हाताला कोण पढवणार? मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी बापलेकीला ठाण्यात बोलावलं. मुलगी म्हणाली, "मामा, लग्न रजिस्टर केलं होतं. तो परदेशात गेला, तिकडच्या कंपनीत. पटलं नाही. घटस्फोट अजून व्हायचाय. घरचे म्हणाले, अविवाहित लिही."

वडिलांनी माझे हात धरले. "तू आपला माणूस. एवढं गाळ. धाकटीचं ठरत आलंय रे."

"अरे, लग्न करणं हा गुन्हा आहे का? माणसाच्या चुका सरकार पोटात घालतं, लपवाछपवी नाही घालत. परवा एकाने ठाण्यात निनावी फोन केला. उद्या तोच हिला करील. म्हणेल, आतली माहिती दे, नाहीतर गावभर बोंब मारतो. मग ही काय करणार?"

त्याने माझे हात सोडले. मुलगी रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "मामा, मीच खरं लिहून देते."

"लिहिलंस तर घरी येऊ नकोस," बाप म्हणाला.

तिने लिहिलं. मी तिचा खुलासा अहवालासोबत पाठवला. खोटं आधी लिहिलं होतं आणि खरं स्वतःहून सांगितलं, दोन्ही नमूद केलं. तिची पुन्हा कसून चौकशी झाली, बरेच महिने गेले, पण नेमणूक झाली. धाकटीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. थोरली त्या घरी परत आली नाही.

मला मात्र आमच्या सगळ्या मराठी घरांनी वाळीत टाकलं. बोलले कुणी नाहीत, फक्त बोलावणं थांबलं. निवृत्तीनंतर दिवस फार मोठा होतो हो. कधी कधी तर भिंतींशी बोलतो. खरं बोलणाऱ्याला एकटं पडावं लागतं हे ऐकून होतो. खरं बोलायला लावणाराही एकटा पडतो, हे या केसने शिकवलं. तरी तो अहवाल आज लिहायचा झाला, तर एक अक्षर बदलणार नाही.

मध्यंतरी पट्टीश्वरमच्या देवळाच्या दारात तिचे वडील समोर आले. आम्ही लोक घरच्यांशी मराठी बोलतो, परक्यांशी तमिळ. मी आनंदाने म्हटलं, "कसा आहेस रे?"

त्याने चप्पल पायात सरकवली, हात जोडले आणि तमिळमध्ये खुशाली विचारली, "सौक्यमा, सार?"