हात लावून पाहा, साहेब

मामाच्या गॅरेजमध्ये आलेल्या माणसाला इंजिनाला हात लावल्याशिवाय परत जाता येत नसे. चहा नंतर, आधी हात. अकोल्याला मूर्तिजापूर रोडवर त्याची पत्र्याची शेड होती. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, की गणपतीची वर्गणी मागायला आलेले लोक असोत, मामा त्यांना उघड्या बॉनेटपाशी न्यायचा, हातात लांब दांड्याचा पान्हा द्यायचा आणि म्हणायचा, "फिरवून पाहा, साहेब. लोण्यावानी फिरते." माणसं आधी शर्टाला डाग पडेल म्हणून बिचकायची, मग फिरवायची आणि लहान मुलासारखी हसायची. मामाला तेवढंच हवं असायचं.

सगळ्या रस्त्याचा तो मामा होता, माझा मात्र सख्खा. हिवरखेडला आमच्या घरी येऊन त्यानंच बाबांना सांगितलं होतं, "पोट्टीनं गाड्यायचा डिप्लोमा केला अन् तुमी तिले घरात बसवून राह्यले? मी नेतो तिले." आणि खरंच नेलं. निळा डांगरी ड्रेस शिवून आणला, तो माझ्या मापाचा नव्हता, तरी मी तो घालून दिवसभर मिरवले. आता हे सगळं आठवलं की माया येते आणि लगेच संतापही येतो, एकाच वेळी. दोन्हींतलं एक काही मला टाकता आलेलं नाही.

बाईच्या हातात गाडी द्यायला तेव्हा आमच्याकडे कोणी तयार नव्हतं. गिऱ्हाईक मला पाहून मामाला बाजूला घ्यायचं. मामा बाजूला जायचाच नाही. तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणायचा, "काहून बाप्पा? तुमच्या घरचा सैपाक बाईच करते ना? थ्यो खाता ना भरोशानं? मंग गाडीले काय झालं?" माणूस वरमायचा. असं करत करत दोनचार लोक येऊन विचारायला लागले, "पोरगी हाये का?" मला आयुष्यात एवढंच हवं होतं, गाडीवाल्यानं येऊन माझं विचारावं. बाकी मला काही नको होतं, लग्नसुद्धा.

मामा चुकायचाही भरपूर, आणि चुकला की आवाज चढवायचा. नव्या पेट्रोल गाड्या आल्या तेव्हा असंच झालं. जुन्या इंजिनात पेट्रोल हवेबरोबर वालवरून, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेवरून, आत जायचं, त्यामुळे वाल आपोआप धुतला जायचा. या नव्या इंजिनात पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरच्या आत उडतो. वाल कोरडाच राहतो, तेलाची वाफ त्याच्यावर बसते, जळते, आणि कढईच्या बुडाला खरवड धरावी तसा कार्बन धरतो. मग गाडी थंडीत थरथरते, चढावर दम टाकते. मामा टाकीत साफ करायचं औषध ओतायचा आणि म्हणायचा, "पेट्रोल समदं धुते." मी म्हणायची, "मामा, पेट्रोल तिथं पोचतच नाही तर धुणार काय, कपाळ?" यावर महिनाभर आमचं भांडण चाललं. शेवटी एका इंजिनाचा हवा आत नेणारा नळ, मॅनिफोल्ड, उतरवून मी त्याला काळाकुट्ट वाल दाखवला. तो बराच वेळ टॉर्च धरून पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तं लयच घाण हाये वो." हरल्याचं त्यानं यापेक्षा जास्त कधी कबूल केलं नाही.

पण एकदा पटलं की मामासारखा माणूस नाही. हा कार्बन काढायला अक्रोडाच्या टरफलाची भरड हवेच्या जोरानं मारतात. ती कठीण असते, पण लोखंडाला ओरखडा काढत नाही. मामा म्हणाला, "अक्रोड काहून? आपल्या मेळघाटात चारोळी पिकत नाई का?" धारणीकडून चारोळीच्या टरफलांचं पोतं आलं. चक्कीवाल्यानं हाकलून दिलं, म्हणून मामानं स्वतः कुटलं आणि मामीच्या चाळणीनं चाळलं. मामीनं ती चाळणी परत घेतली नाही, आणि पुढं कित्येक दिवस त्याच्याशी नीट बोललीही नाही. भरड मात्र झकास निघाली. आम्ही दोघांनी त्यावर बऱ्याच गाड्या मोकळ्या केल्या.

या कामात एकच गोष्ट जिवावरची. भरड मारताना त्या सिलिंडरचा वाल बंदच हवा. उघडा राहिला तर भरड आणि कार्बनचे तुकडे सरळ इंजिनाच्या पोटात. म्हणून आधी इंजिन हातानं फिरवून वाल बंद करायचा, मगच नळी लावायची.

त्या दिवशी वकीलसाहेबांची गाडी होती. शेवटच्या सिलिंडरचा वाल मी बंद केला, टॉर्चनं पाहिला, मामाला म्हटलं, "बंद आहे, मारा," आणि पाईपची क्लिप आणायला दुकानात गेले. तेवढ्यात वकीलसाहेब आले. मामानं काय करावं? त्यांच्या हातात पान्हा दिला. "फिरवून पाहा, साहेब." साहेबांनी हौसेनं फिरवलं, हसले आणि चहा प्यायला बाकावर बसले. त्या फिरवण्यानं वाल उघडला होता. मामानं भरड मारली.

मी आले तेव्हा मामा शेवटचा वाल उरकत होता. सगळं जोडलं, गाडी सुरू केली. खडखड झाली, पांढरा धूर निघाला आणि इंजिन मेलं. वकीलसाहेब उभे राहिले. मामानं माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "पोट्टीनं वाल बंद केला नोता, साहेब. नवीन हाये."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

संध्याकाळी घरी, मामीसमोर, त्यानं सगळं सांगितलं. "थ्या वकिलाले पान्हा मीच देल्ला. ध्यानातच नाई राह्यलं." मग ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तू नवीन हायेस. नव्या माणसाची चूक लोक इसरते. माही चूक झाली म्हंतलं तर गॅरेजच बसन. जरा सोस, बाई."

मी सोसलं. लोक मात्र विसरले नाहीत. दोन्ही बाजू ऐकून घेणं हा ज्यांचा धंदा, त्या वकीलसाहेबांनी मला एक शब्द विचारला नाही, आणि कोर्टाच्या आवारात सगळ्या अकोल्याला सांगितलं. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "मामा, पोरीले हात लावू देऊ नका." आणि ज्या मामानं सैपाकावरून लोकांची तोंडं बंद केली होती, तोच म्हणायचा, "नाई लावू देत." मला टायर धुवायला बसवलं. एके दिवशी डांगरी ड्रेस खुंटीला अडकवला आणि अमरावतीची एसटी धरली.

अमरावतीत माझं जमलं. राग याचा नाही. राग याचा, की अकोल्याहून वालच्या कामाच्या गाड्या माझ्याकडे यायला लागल्या. ड्रायव्हर सांगायचे, "मामानं म्हंतलं, हे काम भाचीशिवाय कोणाले देजो नको." मी फोन केला. "मामा, एवढा भरोसा आहे तर एकदा वकीलसाहेबांना खरं सांगा ना." तो म्हणाला, "तुले काम भेटून राह्यलं ना? मंग? जुनं काहून उकरतं?" दर दिवाळीला मी हेच विचारलं. दर दिवाळीला त्यानं विषय बदलला, तब्येत विचारली, चिवडा पाठवला.

यंदा उन्हाळ्यात मामा गेला. मी पोचले तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता. सगळ्यांचा मामा होता तो. मी रडत होते, खोटं कशाला सांगू, ऊर फुटेस्तोवर रडत होते. तेवढ्यात वकीलसाहेब जवळ आले. आता पार म्हातारे झालेत. माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रडू नको, बाई. तुझ्या हातून झालं ते झालं. मामानं तुले केव्हाच माफ केलतं. स्वतः सांगितलं मले."

मी मामीकडे पाहिलं. मामीनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली.

"वाल मी बंद केला होता," मी म्हटलं.

"हो, हो," ते म्हणाले, आणि बाजूच्या बाईला सांगितलं, "तिले पाणी द्या."