उस्ताद नायगावला आले तेव्हा

आमच्या उस्तादांना ‘फिट बसलं’ हे शब्द ऐकवत नसत. नांदेडच्या त्यांच्या गॅरेजात कुणी तसं म्हटलं की पान्हा खाली ठेवून म्हणायचे, “थंड्यात समदंच बसतंय. तापल्यावर बोल.” मग इंजिन तापेपर्यंत चहा. त्याच गॅरेजात मी मेकॅनिक झाले, आणि तिथूनच ॲसिडिटीही घेऊन आले.

माणूस हट्टी. बाईमाणूस इथं कशाला, असं एका गिऱ्हाइकानं विचारलं, तर त्याची चावी परत देत म्हणाले, “गाडीची काही तक्रार न्हाई. तुमची असंल तर दुसरं गॅरेज बघा.”

पुढे मी नायगावात स्वतःचं गॅरेज टाकलं. पहिलंच मोठं काम आलं ते रस्त्याची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदारांच्या जुन्या परदेशी जीपचं. धूर कमी व्हावा म्हणून तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागात, हवा सोडणाऱ्या नळ्या होत्या. हवेचा पंप केव्हाच गेलेला, नळ्या गंजून फुटलेल्या. त्या काढून भोकं बुजवायची होती. मॅनिफोल्ड बिडाचा, तडकला तर दुसरा मिळणं मुश्कील, आणि तालुक्यात माझं नाव होण्याआधीच खराब. गुत्तेदारांनी पाण्याच्या नळाचे पितळी प्लग आणले होते. मी ते बाजूला ठेवले. त्यांचे आटे निमुळते, आणि निमुळते आटे जास्त आवळले की पाचर ठोकल्यासारखं बीड फुटतं. मी जुन्या नळीच्या मापाचे, सरळ आट्यांचे लोखंडी प्लग लेथवर करून घेतले आणि खाली तांब्याचे वायसर टाकले.

नेमके त्याच दिवशी उस्ताद बसनं गॅरेज बघायला आले. गुत्तेदारांचा जीव भांड्यात पडला. “बरं झालं उस्ताद, तुमीच आवळा. ताई नव्या हायेत.”

उस्तादांनी खुर्ची ओढली. “गॅरेज हिचं हाय. मी पाव्हणा. पाव्हण्याला काम सांगत्यात व्हय?”

गुत्तेदारांचा मला राग आलाच, पण उस्तादांचाही आला. एक नजर तरी टाकायची! प्लग मी आवळले, इंजिन तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा आवळून पाहिलं. उस्ताद पेपर वाचत होते.

गुत्तेदारांनी हळूच विचारलं, “चालंल का उस्ताद?”

उस्ताद उठले, पिशवी घेतली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले. “मला नांदेडला सोडा. बसनं लई अंग दुखतंय.” बॉनेट उघडून पाहिलं नाही.

ती आमची शेवटची भेट. त्या हिवाळ्यात उस्ताद गेले, आणि मी पोटभर रडले. पण जीप घेऊन गेले त्याच संध्याकाळी गुत्तेदारांचा फोन आला होता. “ताई, उस्ताद तर नांदेडपस्तोर गाढ झोपले होते.”