भागोजीकाकांच्या नावाची ओळ

कोळीवाड्यात जन्मून बोट लागणारा माणूस मुरुडमध्ये एकच झाला, आमचे कमलेश सर. त्यांचे काका भागोजी नावाजलेले तांडेल, म्हणजे होडीवरचे कप्तान. त्यांनी पुतण्याला तीनदा समुद्रावर नेलं आणि तीनदा अर्ध्या वाटेवरून किनाऱ्याला आणून सोडलं. चौथ्यांदा म्हणाले, "कमलेश, तू आपला जमिनीवरच ऱ्हा. मासळीला कशाला त्रास!"

मग सरांनी बर्फाच्या दुकानावरच्या माळ्यावर कॉम्प्युटर क्लास काढला. तिथे मी शिकलो. चपला बाहेर, आत सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू, आणि खिडकीतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. भर दुपारी वीज गेली की सर म्हणायचे, "मशीन बंद पडलंय, तुमची डोकी न्हाय," आणि फळ्यावर प्रोग्राम लिहायला लावायचे. ऐरोलीच्या एसी ऑफिसात प्रोग्राम अडला की मला अजून बोंबलांची आठवण येते. हे तिथे कोणाला सांगायची सोय नाही.

गेल्या वर्षी सरांनी काकांच्या फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं एक अ‍ॅप घातलं. ओपन सोर्स होतं ते. म्हणजे आतला कोड सगळ्यांना उघडा. कोणीही वाचावा, दुरुस्ती सुचवावी. काका तिथीवरून बोटांच्या पेरांवर भरती मोजणारे. पंधरा दिवसांत फोन घेऊन माळा चढले.

"आज भरती एकच हाय. दुसरी रात्री बारा वाजून गेल्यावर, म्हंजे तुमच्या तारखेनं उद्याची. ह्यो दोन दाखवतोय."

सरांनी कोड वाचला. काका बरोबर होते. दर तारखेला दोन भरत्या असणारच असं लिहिणाऱ्याने धरलं होतं; दुसरी नसली की अ‍ॅप कालचीच वेळ तिथे ठेवून मोकळं व्हायचं.

सरांनी आधी रीतसर चूक कळवली. मूळ कोडला हात न लावता स्वतःची प्रत घेतली, तिच्यात दुरुस्ती केली आणि ती सामावून घ्या म्हणून विनंती पाठवली. पण हाडाचे मास्तर! जाता जाता दुसऱ्यांच्या ओळीही नीट मांडल्या, टिपांमधलं इंग्रजी सुधारलं. अ‍ॅपचं काम सांभाळणाऱ्या विनिता नावाच्या बाईंनी कळवलं, 'फक्त भरतीचं पाठवा. बाकीचं वेगळं.'

"मला शिकवतात!" सर फोनवर माझ्यावर तापले. पण बाकीचं काढलं.

खरी अडचण पुढे होती. कोड लिहिणारा म्हणून सरांनी नाव घातलं होतं भागोजीकाकांचं. विनिताबाई म्हणाल्या, ज्याने लिहिला त्यानेच सही करायची. सरांनी त्यांना इंग्रजीत दोन परिच्छेद लिहिले: आमच्यात जाळ्याचा मालक किनाऱ्यावर बसला असला तरी मासळीत जाळ्याचा वाटा निघतो, ही चूक काकांच्या जाळ्यात सापडली आहे.

"सर, दुरुस्ती तर जाऊ द्या आत," मी म्हटलं.

"काकाच्या होडीवर मी कधी एक टोपली उचलली न्हाय," सर म्हणाले. "एवढं तरी त्याच्या नावानं जायला पायजे. न्हायतर मी परत घेतो."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'वाटा मान्य. चूक कोणी दाखवली याची आमच्याकडे वेगळी ओळ असते. दुरुस्तीवर सही तुमची, खाली त्यांचं नाव. फक्त त्यांना विचारून घ्या.'

विचारायचं सरांना सुचलंच नव्हतं. मी शिमग्याला गावी आलो होतो, मलाही बरोबर नेलं. काका जाळं सांधत होते. सगळं ऐकून म्हणाले, "नाव माजं लावनार? मंग आधी मी बघनार. वाच."

सरांनी दुरुस्त केलेल्या अ‍ॅपमधल्या वेळा दिवसामागून दिवस वाचल्या. काकांचा अंगठा पेरांवरून सरकत होता. महिना संपून पुढचा लागला आणि अंगठा थांबला.

"पयल्या तारखेची दुसरी भरती कुटं गेली?"

ती सरांनीच घालवली होती. एकतीसनंतर एक येतो हे त्यांचा कोड विसरला होता. विद्यार्थ्यासमोर मास्तरांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा पाहिले, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. सर माळ्यावर गेले, चूक सुधारली आणि पहिल्या तारखेची चाचणीही जोडली, म्हणजे उद्या कोणी तोच घोळ घातला तर लगेच पकडला जावा. मग काकांनी परत महिनाभर मोजलं आणि मान हलवली. "लाव आता."

चार दिवसांनी विनिताबाईंनी दुरुस्ती मूळ कोडात घेतली. सर फोन घेऊन काकांकडे धावले. इंग्रजी अक्षरं काकांना लागत नव्हती. सरांनी ओळीखाली बोट धरलं.

"मुरुड लिव्हलंस का? रेवदंड्यातबी एक भागोजी हाय."

"लिव्हलंय, काका."

काकांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि सरांचं बोट होतं तिथे आपलं बोट ठेवलं. मग ते न उचलता आत काकींना हाक मारली, "केसर, हात पूस नि हिकडं ये."