मुठीच्या आतला नंबर

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळींत मला 'पिस्तूलवाली' म्हणत, आणि मला त्याचं काही वाटत नसे. माझ्या व्हिसावर बंदूक बाळगायची भानगड नको, म्हणून मी नुसती माहिती जमवली. ऐंशीच्या दशकापर्यंत इथले बहुतेक पोलीस सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर वापरत. मग जास्त गोळ्यांची पिस्तुलं आली आणि जुनी रिव्हॉल्व्हरं दुकानदारांकडे गेली. त्यातलं अस्सल कुठलं आणि सुटे भाग जुळवून केलेलं कुठलं, हे मी एका नजरेत सांगत असे. बाबा नागपूरला पोलिसांच्या शस्त्रागारात हवालदार होते. हे वेड तिथलंच.

शेजारी एक निवृत्त पोलीस राहत. खात्याने विकून टाकलेलं स्वतःचं रिव्हॉल्व्हर त्यांनी पंधरा वर्षं शोधून परत मिळवलं होतं. लाकडी मूठसुद्धा मूळचीच, कारण तिच्या आतल्या बाजूला कारखान्यात पेन्सिलने लिहिलेला नंबर लोखंडावरच्या नंबराशी जुळत होता. तो त्यांना मीच दाखवला होता, तेव्हापासून आमची गट्टी.

२००४ साली बाबा सहा महिन्यांसाठी आले. खंडेनवमीची शस्त्रपूजा चुकवायची नाही म्हणाले. शेजाऱ्यांनी हौसेने गॅरेजमधलं टेबल मोकळं करून दिलं आणि रिव्हॉल्व्हर रिकामं करून त्यावर ठेवलं. मी झेंडू आणायला इंडियन स्टोअरमध्ये गेले, शेजारी कॉफी करायला आत गेले. पूजेआधी हत्यार उघडून साफ करायचं, ही बाबांची तीस वर्षांची शिस्त. मी परत येऊन बघते तर मूठ सुटी करून ठेवलेली आणि आतलं लाकूड पॉलिश पेपरने घासून लख्ख!

नंबर पार पुसला गेला होता. जगाला नंबर समजावून सांगणारी मी, बाबांना सांगायचं विसरले होते. रडवेली होऊन मी त्यांना सगळं सांगितलं, आणि वर म्हणाले, "बाबा, स्क्रू टाइट करून टाका ना. उघडून कोण चेक करतंय?"

बाबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

शेजारी कॉफी घेऊन आले तेव्हा बाबा सावधानमध्ये उभे होते. "सर, नंबर मी पुसला. चूक माझी," ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले.

शेजारी मूठ हातात घेऊन खुर्चीत बसले.  मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल बाबांपुढे धरली. "नंबर मला पाठ आहे. मी सांगतो, तुम्ही लिहा."

"नाही सर. तो कारखान्याने लिहिला होता. मी लिहिला तर खोटा."

"मग खरं असेल ते लिहा."

बाबांनी चष्मा लावला आणि त्या कोऱ्या लाकडावर देवनागरीत आपला पोलिसातला बक्कल नंबर लिहिला, तारीख टाकली आणि खाली 'साफ केले' असं लिहून सही केली. मी ते इंग्रजीत वाचून दाखवलं. शेजाऱ्यांनी मान हलवली, मूठ स्वतःच्या हाताने बसवली आणि स्क्रू आवळले. मग आम्ही पूजा केली.

माझ्याच नियमाप्रमाणे ते रिव्हॉल्व्हर आता अस्सल धरता येत नाही. तसं कुणी माझ्यासमोर म्हणून तर दाखवावं.