फौजीचा भाऊ

जळक्या सोयाबीनचा वास आला की ते प्रकरण अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभं राहतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कापलेल्या पिकाच्या ढिगाला, एका सुडीला, लागलेल्या आगीने जेवढं डोकं खाल्लं तेवढं त्यांनीही खाल्लं नाही. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. ते घर अजून नांदतंय आणि कधी त्या बाजूला गेलो तर मला त्यांच्या दारात चहा प्यायचा आहे.

तेव्हा मी सेनगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा नुकताच झाला होता. सोयाबीन कापून शेतात सुड्या रचून ठेवल्या होत्या आणि मळणी यंत्राची वाट बघणं चाललं होतं. सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, सुडी जळाली. अन् ज्याची जळाली त्यो आपल्या सख्ख्या भावाचं नाव घेऊन राहिला. भाऊ फौजी हाय, सुट्टीवर आलेला. लवकर या, गाव तापलंय."

फौजी म्हटल्यावर माझ्या हवालदाराने कपाळाला हात लावला. त्याला कारण होतं. रजेवर आलेल्या सैनिकाला अशा गुन्ह्यात आपण अटक करू शकतो, तिथे कायदा त्याला वेगळा काढत नाही. पण अटक केली की त्याच्या युनिटला कळवावं लागतं. एकदा तो संदेश गेला, की पुढे माणूस निर्दोष सुटला तरी त्याच्या नावापुढचा डाग सहजासहजी पुसत नाही. आणि हा फौजी रजा संपवून थेट बढतीच्या कोर्सला जाणार होता, हे गावात पाय ठेवताच चार जणांनी मला ऐकवलं.

शेतात पोचलो तेव्हा सुडीच्या जागी काळं वर्तुळ होतं आणि मधून धूर येत होता. थोरला भाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला होता. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, अंगात कालचाच सदरा. जमीन दोघांची सामाईक, कसणारा मात्र तो एकटा.

"पहाटं म्या सोता पाह्यलं, साहेब. ह्याच धुऱ्यावरून पळून राहिला व्हता. आदल्या रातीच आमचं वाजलं व्हतं. लावा गुन्हा, फौजी हाय म्हणून सोडू नका."

मागून सरपंच पुढे आले. "साहेब, देशासाठी लढणारा माणूस हाय. हात लावायच्या आधी विचार करा." लगेच दुसरा गट ओरडला, "फौजीला येगळा कायदा हाय का?" मी दोन्ही गटांना बांधापलीकडे पाठवलं, फिर्याद घेतली आणि फौजीला ठाण्यात बोलावलं.

तो आला तो ताठ. बस म्हटल्यावर बसला, पण पाठ खुर्चीला टेकवली नाही. पहाटे धुऱ्यावर होतास का, असं विचारल्यावर म्हणाला, "होतो. सुट्टीवर असलो तरी रोज पळतो. पळणं गुन्हा आहे का? तुम्ही सिव्हिलवाले आधी पकडता, मग विचार करता."

खोटं कशाला सांगू, मला ते झोंबलं. उभं आयुष्य खाकीत गेलं आणि या पोराने मला सिव्हिलमध्ये जमा केलं! कायद्याने त्याचं बरोबरही होतं. पोलीस हा नागरीच. पण त्याच गावात त्याचा सत्कार झाला तेव्हा आमचा शिपाई मंडपाच्या तोंडाशी बंदोबस्ताला उभा होता आणि शाल याच्या खांद्यावर पडली होती. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पुढची सीट आम्हालाही मिळते, फक्त आम्हाला ती भीतीपोटी देतात आणि याला प्रेमाने. याला आजची रात्र कोठडीत काढू दे, असं माझ्या मनात आलं होतं. हवालदाराच्याही आलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

पण अटकेची घाई केली नाही, कारण पंचनामा करताना एक गोष्ट मला खटकली होती. आदल्या दिवसापासून आभाळ भरून आलेलं होतं आणि रात्री भुरभुर पाऊसही झाला होता. आजूबाजूच्या प्रत्येक सुडीवर ताडपत्री आवळून बांधलेली होती. ताडपत्री जळाली की वितळते आणि तिचे गोळे मातीला चिकटून बसतात. इथे नुसती राख होती. फौजीला ठाण्यात बसवून मी परत शेतात गेलो. शेतातल्या खोलीला तिकडे आखाडा म्हणतात. त्या आखाड्यात, खताच्या पोत्यांमागे, जाड हिरवी ताडपत्री चौपदरी घडी करून ठेवलेली सापडली. घडी उलगडली तर आत सोयाबीनच्या ओल्या शेंगा आणि पाला चिकटलेला.

ताडपत्री ठाण्यात आणली आणि थोरल्याला समोर बसवलं. "ही कधी काढली सुडीवरून?"

"काल दुपारी. ऊन द्यायला."

"काल ऊन होतं?"

मी त्याचा हात धरून ताडपत्रीवर ठेवला. "दुपारी काढली म्हणता, मग हिच्यावर रात्रीच्या पावसाचं पाणी कुठून आलं?"

त्याने हात मागे घेतला नाही. बराच वेळ ताडपत्री चाचपत राहिला. आरोपी खोटं शोधत असतो तेव्हा त्याची नजर फिरते. याची एका जागी थांबली होती, तेव्हाच मी ओळखलं की आता हा बोलणार.

"म्याच लावली. त्यो पळाय गेला ते पाह्यलं अन् लावली. साहेब, आई-बापाचं म्या केलं. बहिणीचं लगीन म्या लावलं. ह्याच्या वाट्याचं रान म्या सांभाळलं. ह्यो वर्साकाठी येतो अन् सारं गाव बॅनर लावतं. परवा सत्काराला मला म्हणले, खुर्च्या मांड. मांडल्या. अन् ह्यो माईकवर म्हणतो, सिव्हिलमधी शिस्त नसती, आमच्या दादालाच पाहा, सत्काराला मळक्या सदऱ्यावर आला. सारं गाव हासलं." तो ताडपत्रीची कड सारखी करू लागला. "आईबी हासली."

"मग सुडी जाळायची तर ताडपत्री काहून काढली?"

"ती त्यानंच आणलेली हाय, फौजी क्यांटीनातून. असली इथं भेटत न्हाई."

हवालदाराला हसू फुटलं. मला नाही आलं. वर्षाचं पीक पेटवताना ज्याने मागेपुढे पाहिलं नाही, त्याने भावाने आणलेली वस्तू आधी नीट घडी करून बाजूला ठेवली होती.

फौजीला आत बोलावलं आणि थोरल्यासमोरच सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा भडकणार. त्याच्या नोकरीवरच घाला घातला होता. तो पहिल्यांदा खुर्चीला टेकला आणि भावाकडे न बघता बोलू लागला, या खेपेला गावच्या बोलीत.

"दादा, तू माह्यावर जळतो व्हय? तिकडं ड्युटीवर उभा असतो तवा म्या तुह्यावर जळतो. आता दादा आईच्या हातची भाकर खाऊन राहिला असंल, लेकरू मांडीवर असंल, असं वाटतं. अन् बाबा गेले तवा खांदा तू देला. म्या आलो तवा नुसती राख व्हती. त्याचा तं तुह्यावर आजबी राग हाय मला. तुही काय चूक नसतानी."

थोरला मान खाली घालून बसला होता. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

मग थोरला म्हणाला, "बाबांनी शेवटी माह्या हातचं पाणी घेतलं न्हाई. तुह्या हातचं मागत व्हते. तुहंच नाव घेत गेले. म्या तुला सांगितलं न्हाई. म्हणलं, तेवढं तरी याला भेटू नाही."

फौजी उठला. हुंदका दाबत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची ती ताठ पाठ आमच्यासमोर हलत राहिली.

त्याच्या युनिटला काही कळवावं लागलं नाही. खोट्या फिर्यादीचा अहवाल मात्र मला न्यायालयात पाठवावा लागला. थोरल्याने गुन्हा कबूल करून दंड भरला. फौजी रजा संपली त्या दिवशी कोर्सला निघून गेला. भावाभावांत सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. पुढच्या दसऱ्याला फौजीने सत्कार घेतला नाही एवढं पोलीस पाटलांकडून कळलं.

वर्दीतला आणि वर्दीबाहेरचा हा फरक सरकार करतं, गाव त्याच्यावर फुलं उधळतं आणि घरच्यांना तो रोज जेवताना ताटावर सोसावा लागतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. पोटात दुखणारा माणूस नेहमी दुसऱ्याच्या वाट्याचं मोजतो. त्या दिवसानंतर फौजीला शाल मिळताना पाहून माझ्या पोटात दुखायचं थांबलं, असंही नाही. पण बंदोबस्ताला गेलो की आधी बघून घेतो, खुर्च्या कोण मांडतोय, आणि तो ज्याचा सत्कार आहे त्याच्याच घरचा असेल तर त्याला पहिल्या रांगेत बसवायला लावतो.